वॉल्टरसाहेबांचं पान

अमेरिकन लोकांना अमेरिका कळलेली नाही, असं श्रीराम देवस्थळीचं ठाम मत होतं. ती एकट्या त्याला कळली होती आणि तीही इंग्रजी वर्णानुक्रमानं! दारावर आलेल्या एका गोड बोलणाऱ्या विक्रेत्याकडून त्यानं ज्ञानकोशाचे जाडजूड खंड हप्त्यांवर घेतले होते. रोज जेवण झालं की बडीशेप चघळत तो त्यांतली पानं उलटायचा आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात गोऱ्या लोकांना त्यांचाच देश समजावून सांगायचा. रंगांच्या कंपनीतला केमिकल इंजिनिअर माणूस. नमुन्याच्या पट्टीवरचा रंग वाळेपर्यंत श्रोते हलू शकत नसत, त्यामुळे त्याचं फावायचं.

पंच्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात तो 'एच'पर्यंत पोचला. जरा आळशी असता आणि 'जी'मधल्या जिराफापाशी रेंगाळला असता, तर पुढचं काही घडलंच नसतं.

"सुनेत्रा!" खंड पोटाशी धरून तो स्वयंपाकघरात घुसला. "अगं, हे हॅलोविन म्हणजे काय आहे माहितेय? आपली सर्वपित्री अमावास्या! डिट्टो!"

सुनेत्रा पोळ्या लाटत नव्हती. ती लाटणं उगारून बेसमेंटच्या दाराकडे तोंड करून उभी होती.

"आज पुन्हा वाजलं," ती म्हणाली.

"काय?"

"काय म्हणजे? तेच! धप्... धप्... धप्! भर दुपारी! वर मी एकटी आणि खाली तो!"

हा 'तो' कोण, ते सांगायला हवं. पार्सिपनीतलं हे घर देवस्थळ्यांनी ऑगस्टमध्ये घेतलं. जर्सी सिटीच्या अपार्टमेंटमध्ये काढलेल्या सगळ्या वर्षांची शिल्लक त्यात ओतली. घर होतं वॉल्टर होल्मन नावाच्या म्हाताऱ्याचं. पण सगळा व्यवहार केला त्याच्या मुलानं आणि वकिलानं. वॉल्टर स्वतः कुणाला दिसलाच नाही. त्याचं सामान मात्र सगळं दिसलं! आरामखुर्ची जागच्या जागी. कपाटात लोकरी कोट आणि हॅट. बेसमेंटमध्ये रंधा, करवती, खिळ्यांनी भरलेल्या बरण्या आणि भलामोठा मासा हातात धरून हसणाऱ्या म्हाताऱ्याचा फ्रेम केलेला फोटो. आणि बाथरूममधल्या कपाटात, काचेच्या पेल्यात, एक अख्खी कवळी!

त्या कवळीनं निकाल लावला.

"जिवंत माणूस दात टाकून जाईल का हो?" सुनेत्रानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

जर्सी सिटी सोडताना स्वतः देवस्थळ्यांनी काय मागं ठेवलं होतं? काही नाही! दह्याचे रिकामे डबे आणले, मिठाईच्या खोक्यांवरचे रबरबँड आणले, आधीच्या भाडेकरूनं भिंतीत ठोकलेला हूकसुद्धा श्रीरामनं उचकटून आणला. एवढा भरला संसार ठेवून माणूस एकाच ठिकाणी जाऊ शकतो, याबद्दल दोघांचं एकमत झालं. कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत कुणाला पगार, वय आणि मरण विचारायचं नसतं, असं त्यांना विमानतळावर घ्यायला आलेल्या नंदू ताम्हणकरनं गाडीत बसताबसताच बजावलं होतं.

तर वॉल्टर गेला, एवढं ठरलं. आणि मग बेसमेंटमधून धप्धप् सुरू झाली.

"पाइप असतात ते, सुनेत्रा. गरम झाले की प्रसरण पावतात. फिजिक्स आहे."

"मग शनिवार-रविवारी का नाही पावत प्रसरण? तुम्ही घरी असलात की तुमचं फिजिक्स सुटीवर जातं वाटतं?" सुनेत्रानं लाटणं ओट्यावर आपटलं. "ऐका. दिवाळीचा फराळ मी या घरात करणार नाही. जर्सी सिटीच्या पटेलांची वरची खोली अजून रिकामी आहे. मी फोन केलाय त्यांना."

"फोन केलास?" श्रीरामच्या हातातून 'एच' निसटला आणि पायाच्या अंगठ्यावर पडला. ज्ञानाचं वजन त्याला पहिल्यांदाच एवढं जाणवलं.

"दिवाळीपर्यंत कुणाला देऊ नका म्हटलं. परका पुरुष घरात वावरतोय आणि मी तिथं चकल्या पाडत बसू?"

सगळी शिल्लक या घरात, आणि बायको परत जर्सी सिटीला! श्रीराम एका पायावर उभा राहून विचार करू लागला. आणि त्याच पायावर त्याला कल्पना सुचली.

"अगं, हेच तर सांगायला आलो होतो! ऐक. दोनेक हजार वर्षांपूर्वी आयर्लंडकडे लोकांची समजूत होती की सुगी संपली की एका रात्री मेलेली माणसं आपापल्या घरी परत येतात. मग लोक दाराबाहेर त्यांच्यासाठी जेवण ठेवायचे. नको ती भुतं आत यायला नकोत म्हणून तोंडाला राख फासायचे, मुखवटे घालायचे. सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. इकडे आल्यावर भोपळा स्वस्त मिळाला म्हणून भोपळा! पुढे गरीब लोक दारोदार जायचे, तुमच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो, एक केक द्या म्हणायचे. आता त्यांच्याऐवजी पोरं येतात. आलं लक्षात? केक म्हणजे पिंड! आणि पोरं म्हणजे कावळे!"

"बरं मग?"

"मग काय! एकतीस तारखेला वॉल्टर स्वतःच्या घरी येणार. म्हणजे इथं! इतकी वर्षं अमेरिकन लोक नुसत्या गोळ्या वाटतायत. मूळ विधी विसरले बिचारे! आपण त्याचं व्यवस्थित पान वाढू. तो तृप्त होईल आणि मार्गाला लागेल."

सुनेत्रानं खाली पडलेला 'एच' उचलून ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "कावळा शिवला तर राहीन. नाही शिवला तर पटेल."

*

पार्सिपनीत भटजी मिळणं म्हणजे देवस्थळ्यांच्या सांगलीत बर्फ पडण्यासारखं. पण नंदू ताम्हणकर होता. नंदू पेशानं इलेक्ट्रिकल इंजिनिअर, पण त्याच्याकडे सोवळं होतं आणि मंत्रांची कॅसेट होती. एवढ्या भांडवलावर त्यानं न्यू जर्सीत दोन मुंजी आणि एक वास्तुशांत उरकली होती.

"गोत्र काय त्यांचं?" नंदूनं फोनवर विचारलं.

"होल्मनचं गोत्र मला काय माहीत, यार!"

"मग कश्यप. ज्याचं माहीत नाही त्याचं कश्यप. आवडीनिवडी मात्र विचारून ठेव. आवडीचं काही पानात नसेल तर कावळा ढुंकून बघत नाही."

समोरच्या घरात डॉरथी नावाच्या एक एकट्या आजी राहत. वॉल्टरला त्या वर्षानुवर्षं ओळखत होत्या. श्रीराम अदबीनं त्यांच्या दारात गेला. मरणाचा उल्लेख कटाक्षानं टाळून, आवाज शक्य तितका खाली आणून त्यानं विचारलं, "एकतीस तारखेला संध्याकाळी आम्ही वॉल्टरसाठी स्वयंपाक करतोय. त्यांना काय आवडायचं?"

डॉरथीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं! त्यांनी श्रीरामचे दोन्ही हात धरले. "किती चांगले आहात हो तुम्ही! मीटलोफ, कुस्करलेला बटाटा आणि डोनट. डोनटवर जीव होता त्याचा."

"होता." श्रीरामनं मान लववली. आणखी पुरावा कशाला हवा!

"माझ्या स्वयंपाकघरात मीट शिजणार नाही," सुनेत्रानं जाहीर केलं. "बटाट्याची भाजी करीन. कांदा-लसूण न घालता."

"आणि डोनट?"

"श्राद्धाच्या वड्याला भोक असतं. तेच डोनट."

श्रीरामला गहिवरून आलं. आयर्लंड आणि सांगली यांच्यात आता फक्त एका वड्याचं अंतर उरलं होतं!

*

एकतीस तारखेला साडेपाचलाच काळोख पडला. गल्लीतल्या घराघरांपुढे भोपळे दात विचकून बसले होते. कुणाच्या झाडाला सांगाडा लटकत होता. देवस्थळ्यांच्या पोर्चवर मात्र रांगोळी होती. चौरंगावर वॉल्टरचा फोटो, त्याला शेवंतीचा घसघशीत हार, समोर समई, उदबत्ती. आणि फोटोपुढे पान: खीर, कढी, आमसुलाची चटणी, लाल भोपळ्याची भाजी, बटाट्याची भाजी आणि वडे. नंदू सोवळं नेसून कुडकुडत बसला होता. वर त्यानं पिसं भरलेलं जाड डाऊन जॅकेट चढवलं होतं, त्यामुळे तो कमरेच्या वर उत्तर ध्रुव आणि खाली नाशिक असा दिसत होता. कॅसेट प्लेअरमधून मंत्र चालू होते.

पहिली टोळी आली. दोन चेटकिणी, एक समुद्री चाचा आणि काळे पंख लावलेलं एक पिटुकलं.

"ट्रिक ऑर ट्रीट!"

"अरे, हे बघ! कावळा!" श्रीराम आनंदानं किंचाळला.

"वटवाघूळ आहे ते," सुनेत्रा दारातून म्हणाली.

"वहिनी, काळं आहे, पंख आहेत, चालेल!" नंदूनं शास्त्राधार दिला.

श्रीराम गुडघ्यांवर बसला आणि पान पुढे सरकवून वटवाघळासमोर हात जोडले. "प्लीज! टच द वडा! जस्ट वन टच!"

वटवाघळानं पानाकडे पाहिलं. हार घातलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. डाऊन जॅकेटाखालच्या उघड्या पोटऱ्यांकडे पाहिलं. आणि असं काही भोकाड पसरलं की समोरच्या झाडावरचा सांगाडा हलला! त्याची आई फुटपाथवरून धावत आली, वटवाघूळ काखेत मारलं आणि पसार! चेटकिणी तिच्या पुढे! चाचा आपली तलवार टाकून गेला.

दुसऱ्या टोळीनं लांबूनच पाहिलं आणि रस्ता ओलांडला. तिसरी तर कोपऱ्यावरूनच परतली. खबर पसरली असावी. हिवाळी टोपी घातलेला एक बाप मात्र धीर करून फाटकापर्यंत आला, "सगळं ठीक आहे ना इथं?" असं विचारून उत्तराची वाट न पाहता निघून गेला.

"शिवत नाही," सुनेत्रा दारातून म्हणाली. तिच्या आवाजात पटेल दिसू लागले होते.

"म्हणजे इच्छा राहिलीय," नंदूनं निदान केलं. "आश्वासन दे, श्रीराम. मोठ्यानं. कशात जीव अडकलाय ते ओळखायचं."

श्रीरामनं घसा साफ केला आणि अंधाराकडे पाहून इंग्रजीत ओरडायला सुरुवात केली. "वॉल्टर! तुमची खुर्ची आम्ही टाकणार नाही!"

नंदूनं मान हलवली.

"वॉल्टर! दर शनिवारी लॉन कापीन!"

"हे नको. पाळावं लागेल," नंदू कुजबुजला.

"वॉल्टर! तुमची कवळी जपून ठेवलीय! कशाची काळजी करू नका! समोरच्या डॉरथीबाईंकडे आम्ही बघू!"

"त्याची गरज नाही," अंधारातून आवाज आला. "तिच्याकडे बघायला मीच आलोय."

आणि समईच्या उजेडात वॉल्टर होल्मन उभा राहिला! तेच नाक, तेच कान, तेच फोटोतलं हसू. फक्त हातात मासा नव्हता.

श्रीरामचं तोंड उघडं, हात जोडलेले, डोळे समईएवढे! नंदूनं सोवळं सावरत मागच्या मागे जी उडी मारली, ती थेट झुडपात. तिथून फक्त "कश्यप गोत्र... कश्यप गोत्र..." एवढंच ऐकू येत राहिलं.

"पाय बघा!" सुनेत्रा किंचाळली. "अहो, पाय बघा त्याचे! सरळ आहेत की उलटे?"

श्रीरामनं टॉर्च वॉल्टरच्या बुटांवर मारला. वॉल्टरनं खाली पाहिलं. हिंदुस्थानी माणसांच्या घरी पादत्राणं काढतात, हे त्यानं कुठंतरी ऐकलं असावं. "सॉरी, सॉरी," म्हणत त्यानं वाकून दोन्ही बूट काढले. मोज्याला भोक होतं. त्यातून एक गुलाबी, टवटवीत, सरळ अंगठा बाहेर आला होता.

"सरळ आहेत," श्रीराम क्षीण आवाजात म्हणाला.

मागून डॉरथीबाई लगबगीनं आल्या. लिपस्टिक वगैरे लावून. "मीच त्याला फोन केला! म्हटलं, नवीन लोक इतक्या प्रेमानं तुझ्यासाठी स्वयंपाक करतायत आणि तू तिकडे फ्लॉरिडात बसणार? ये म्हटलं लगेच!"

"फ्लॉरिडा..." श्रीराम म्हणाला.

"मुलानं फ्लॅट घेऊन दिला. सगळं फर्निचरसकट," वॉल्टर म्हणाला. "इथलं काय न्यायचं? दातसुद्धा नवे करून घेतले." त्यानं ते दाखवले. मग त्याची नजर चौरंगावर गेली आणि म्हातारा हरखून गेला. "हा मी! फुलं घालून! डॉरथी, बघ! चाळीस वर्षं या गल्लीत राहिलो, कुणी कधी माझ्या फोटोला फुलं नाही घातली!"

"घालत नाहीत," नंदू झुडपातून म्हणाला. "सहसा थांबतात."

आता पुढं काय करायचं, हे कुठल्याच खंडात दिलेलं नव्हतं. वॉल्टर मांडी घालून पानावर बसला होता. त्यानं वड्याच्या भोकात बोट घातलं, समाधानानं मान डोलावली आणि वडा खिरीत बुडवून खाल्ला. आणखी एक खाल्ला.

"ज्याचं श्राद्ध तोच पानावर!" नंदू झुडपातून बाहेर येऊन श्रीरामच्या कानाशी लागला. "याला माझ्या कॅसेटमध्ये मंत्र नाही हं."

"कॅसेट बंद कर आधी!"

*

मग सगळेच आत जाऊन जेवायला बसले. सुनेत्रानं गरम वडे तळले. वॉल्टरनं भोपळ्याची भाजी तीनदा मागून घेतली. भोपळा खाताही येतो, हे त्याला नव्यानं कळलं होतं. डॉरथीबाई त्याच्याकडे बघूनच जेवत होत्या. श्रीरामच्या जिवात हळूहळू जीव येत होता. म्हातारा जिवंत, म्हणजे भूत नाही. भूत नाही, म्हणजे पटेल नाहीत! त्यानं सुनेत्राकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. तीही हसली. "फराळाला लागायला हवं," असंसुद्धा पुटपुटली.

इथं त्यानं गप्प बसायला हवं होतं. पण ज्ञानी माणसाचं तसं नसतं.

"वॉल्टर, तुम्हीच सांगा हिला," तो ऐटीत म्हणाला. "बेसमेंटमध्ये दुपारी धप्धप् आवाज येतो. पाइप प्रसरण पावतात. बरोबर ना?"

"पाइप?" वॉल्टरनं बोटं चाटली. "छे! पाइप मी सगळे नवे घातलेत. एकदम शांत. ती पेगी असेल."

"कोण पेगी?"

"माझी बायको. वारली, आठ वर्षं झाली. दुपारी कपडे धुवायला खाली जायची ना, ती अजून जाते. मुलाला सांगितलं, मला फ्लॉरिडात घर बघ. मी काय इथल्या थंडीला कंटाळून गेलो होय?"

"मी तिला कधीच आवडले नाही," डॉरथीबाई घाईघाईनं घास गिळत म्हणाल्या. "म्हणून तर मी या घरात पाऊल टाकत नव्हते. वॉल्टर, निघू या का?"

धप्!

टेबलावरची कढी थरथरली. धप्! ... धप्! नेमकं त्यांच्या पायांखाली! डॉरथीबाई पर्स घेऊन बाहेर. त्यांच्यामागे वॉल्टर, बूट हातात घेऊन. नंदूची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तो टेबलावरून कधी उठला, हे कुणी पाहिलंच नाही. श्रीराम खुर्चीवर चढून उभा होता. केव्हा चढला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"सुनेत्रा!" त्याचा आवाज चिरकला. "पटेलांना फोन कर! आत्ताच्या आत्ता! फिजिक्स-बिजिक्स काही नाही, उद्याच जर्सी सिटी!"

सुनेत्रा शांतपणे ओट्यापाशी उभी होती. काहीतरी हिशेब जुळल्यासारखा तिचा चेहरा निवळला होता.

"नवऱ्यामागे नाही, आधी गेली म्हणजे," ती स्वतःशीच म्हणाली. "सवाष्ण गेली! अहो, तुम्ही मला पुरुषमाणूस म्हणून सांगितलंत!"

"पुरुष काय न् बाई काय, भूत ते भूत!"

"वा! फरक नाही? इतके दिवस दार लावून पदर सावरत बसले मी! आणि ती बिचारी कपडे धुतेय खाली. अविधवा नवमी होऊन गेली, नाहीतर जेवायला घातलं असतं. असू दे. हिची ओटी भरून टाकते उद्या." तिनं ताटात दोन वडे घेतले, वर खिरीची वाटी ठेवली आणि बेसमेंटच्या दाराची कडी काढली.

"सुनेत्रा, मी सांगतोय, मी या घरात एक दिवस राहणार नाही!"

"तुम्ही जा की पटेलांकडे," सुनेत्रा पायऱ्या उतरता उतरता म्हणाली. "खोली ठेवलीच आहे त्यांनी. आम्ही दोघी राहू इथं."